दुरुस्तीच्या जहाजावरचे आजोबा ‘मोहिमेत होते’ असं लिहायचं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निपाणीजवळच्या तुमच्या गावात माजी सैनिकांच्या नावांचा फलक होतोय. आजोबा नौदलात शिपराइट, म्हणजे जहाजाच्या अंगाची आणि लाकूडकामाची दुरुस्ती करणारे कारागीर, होते आणि १९६१ च्या सुमारास ‘आयएनएस धारिणी’वर होते. घरात सगळे लहानपणापासून सांगत आलेत की आजोबा गोव्याच्या लढाईत होते. फलकाच्या बैठकीत मात्र कुणीतरी म्हणालं, “दुरुस्तीच्या बोटीवर कसली लढाई?” तुम्ही शोधायला गेलात तर सगळीकडे बेटवा, ब्यास, त्रिशूल या लढाऊ जहाजांचीच नावं, धारिणीचा उल्लेख एखाद्या ओळीपुरता. फलकावर ‘गोवा मुक्ती मोहीम’ लिहावं का आणि अशा जहाजाचा सेवा-इतिहास शोधायचा कसा, हे तुम्ही विचारलंय. ट्रंकेत सापडलेल्या, भोवऱ्यासारख्या दिसणाऱ्या लाकडी वस्तूचा फोटोही जोडलाय. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. लिहायला हरकत नाही, फक्त एक तारीख जुळली पाहिजे. ती कशी जुळवायची ते खाली आहे. पण बैठकीत प्रश्न ज्या तऱ्हेने विचारला गेला, ती तऱ्हाच या जहाजांना लागू पडत नाही. तोफ किती वेळा उडाली यावर दुरुस्ती जहाजाची सेवा मोजायला गेलात, तर हाती काहीच लागणार नाही. तिथे विचारायचं ते हे की किती जहाजं कडेला येऊन लागली, त्यांचं काय मोडलं होतं, आणि किती दिवसांत ती पुन्हा समुद्रात गेली.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. सत्तरच्या दशकात आर्टिफिसर अप्रेंटिस (शिकाऊ तांत्रिक कारागीर) म्हणून भरती झालो, लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’त शिकलो आणि नोकरीतली काही वर्षं ‘आयएनएस अंबा’वर काढली. अंबा हे पाणबुड्यांचं मदर शिप, म्हणजे त्यांची देखभाल-दुरुस्ती करणारं जहाज. सोव्हिएत बनावटीचं, १९६८ साली आपल्या नौदलात आलं आणि २००६ मध्ये निवृत्त झालं. धारिणी माझ्या आधीच्या पिढीची. काम मात्र त्याच जातीचं, म्हणून हे लिहायला बसलो.

दुरुस्ती जहाज म्हणजे काय, हे बेळगावच्या माणसाला सांगायला फार सोपं आहे. उद्यमबागेतली एक फाउंड्री घ्या. तिच्या शेजारचं मशिन शॉप, वेल्डिंगचं दुकान, मोटर रिवाइंडिंग करणारा, सुतार, तांबटकाम करणारा आणि एक लहान वीजघर घ्या. हे सगळं एका जहाजाच्या पोटात बसवा आणि ते जहाज ताफ्याच्या मागे न्या. बिघडलेलं जहाज कडेला येऊन बांधलं की पहिल्यांदा त्याला वीज, वाफ आणि गोडं पाणी द्यायचं, म्हणजे त्याला स्वतःचे बॉयलर विझवून आत माणूस घालता येतो. मग डिफेक्ट लिस्ट हातात घ्यायची आणि कामं वाटायची. सुटा भाग भांडारात नसेल तर तो घडवायचा. लाकडी पॅटर्न करायचा, त्यात धातू आकसण्याचा हिशेब धरायचा (ब्राँझला साधारण दीड टक्का), वाळूत साचा बसवायचा, ओतायचं, लेथवर चढवायचं. आपल्या फाउंड्रीतला कामगार हे रोज करतो. जहाजावर फरक इतकाच की खालची जमीन हलते, जागा हातभर असते आणि पलीकडचं जहाज “किती वाजता सोडताय?” म्हणून तासातासाला विचारत असतं.

आपल्याकडे साखर कारखान्यांत गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग काढतात. बॉयलर उघडतात, मिलचे रोलर काढतात, टर्बाइन बघतात, सगळं निवांत. ऐन हंगामात बॉयलर बसला तर काय होतं हे संकेश्वर-चिकोडीकडच्या कुणालाही विचारा. गाड्यांत ऊस वाळतो आणि फिटरला झोप नाही. आरमार मोहिमेवर असतं तेव्हा त्याचा ऐन हंगाम चालू असतो. दुरुस्ती जहाज त्या हंगामातल्या फिटरसाठी बांधलेलं असतं.

आता गोव्याकडे येऊ. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या नौदलाने या मोहिमेसाठी जहाजांचे गट पाडले होते. लढाऊ जहाजांच्या गटात म्हैसूर, त्रिशूल, बेटवा, ब्यास, कावेरी. विक्रांतभोवतीचा एक गट. सुरुंग काढणाऱ्या जहाजांचा एक गट, त्यात कारवार नावाचंच एक जहाज होतं. आणि सपोर्ट ग्रुप, त्यात धारिणी. म्हणजे तुम्हाला जी ‘एखादी ओळ’ वाटली, ती मोहिमेच्या रचनेतला एक अख्खा गट आहे. तुमच्या बैठकीतल्या गृहस्थांना हे आधी सांगा.

या गटाची गरज का होती ते नकाशा बघितल्यावर कळतं. आज कारवारला ‘आयएनएस कदंब’ आहे, दुरुस्तीचं यार्ड आहे, जहाज उचलून कोरड्यावर घेणारी शिपलिफ्ट आहे. पण कदंब २००५ साली नौदलात दाखल झालं. १९६१ मध्ये तिथे यातलं काहीही नव्हतं. मोठी गोदी मुंबईला, गोव्यापासून समुद्रमार्गे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. बारा नॉटने (तासाला साधारण बावीस किलोमीटर) धावणारं धडधाकट जहाज हे अंतर कापायला एकोणीस-वीस तास घेतं. बिघडलेलं जहाज रखडत निघालं तर दीड दिवस. दुसरा आसरा कोचीला, तोही जवळ नाही. मोहीम १८ डिसेंबरच्या पहाटे सुरू झाली आणि १९ च्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर-जनरलने शरणागतीवर सही केली. इतक्या कमी वेळात एखादं जहाज मुंबईला पाठवावं लागलं, तर ते मोहिमेतून वजाच झालं म्हणायचं. म्हणून कारखाना सोबत न्यायचा.

त्याच दिवसांत आपलं बेळगाव काय होतं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा, अजून सांगणारे आहेत तोवर. मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनची जमवाजमव बेळगाव भागात झाली होती. १८ तारखेला सांब्र्याच्या धावपट्टीवरून हंटर विमानं उडाली आणि त्यांनी बांबोळीचं रेडिओ केंद्र फोडलं. समुद्रावर बेटवा आणि ब्यासने मुरगावजवळ ‘अफोंसो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला गाठलं. अंजदीव बेटावर त्रिशूल आणि म्हैसूरचे नौसैनिक उतरले आणि तिथे आपले सात जण कामी आले. हे नीट लक्षात ठेवा, कारण फलकावरच्या शब्दांत त्यांचा मान राखला गेला पाहिजे. अंजदीववर उतरलेल्या माणसाची सेवा आणि सपोर्ट ग्रुपमधल्या माणसाची सेवा एकच आहे असं मी म्हणणार नाही. आजोबांनी गोळ्या झेलल्या असं लिहू नका. ते मोहिमेवर होते असं लिहा. दोन्हींत फरक आहे, आणि दुसरं वाक्यही पुरेसं मोठं आहे.

शिवाय दुरुस्ती जहाज सुरक्षित असतं हा समजही काढून टाका. जगात ज्याची नोंद सगळ्यांत नीट राहिली अशा दुरुस्ती जहाजांपैकी एक म्हणजे अमेरिकेचं ‘व्हेस्टल’. मुळात कोळसा वाहणारं जहाज, १९०८ साली पाण्यात उतरवलेलं, १९१३ मध्ये दुरुस्ती जहाज म्हणून नौदलात आलेलं. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरमध्ये ते ‘अ‍ॅरिझोना’ या युद्धनौकेच्या कडेला बांधलेलं होतं, कारण कामच तसं. व्हेस्टलवर दोन बॉम्ब पडले. एक तर तिच्या सुतारशाळेतून आणि फिटरच्या वर्कशॉपमधून आरपार जाऊन तळाला भगदाड पाडून गेला. तेवढ्यात शेजारी अ‍ॅरिझोनाचं दारूगोळ्याचं कोठार उडालं. त्या स्फोटात व्हेस्टलचे कप्तान कॅसिन यंग पाण्यात फेकले गेले. ते पोहून परत जहाजावर चढले. जहाज सोडण्याचा हुकूम निघाला होता, तो त्यांनी रद्द केला आणि जहाज बाजूला काढून उथळ पाण्यात रुतवलं, म्हणजे ते बुडणार नाही. त्याच गोंधळात व्हेस्टलवरच्या जोसेफ जॉर्ज नावाच्या नौसैनिकाने जळत्या अ‍ॅरिझोनाकडे दोर फेकला आणि सहा माणसं हातांवर लोंबकळत त्या दोरावरून पलीकडे आली. जॉर्ज यांना त्याबद्दल पदक मिळालं ते मरणोत्तर, २०१७ साली. शहात्तर वर्षांनी.

पण माझ्या धंद्यातला माणूस व्हेस्टलचं नाव काढतो ते पुढच्या गोष्टीसाठी. पर्ल हार्बरची गोदी मोडक्या जहाजांनी भरली होती. तेव्हा व्हेस्टलच्या कारागिरांनी स्वतःचं जहाज बरंचसं स्वतःच दुरुस्त केलं आणि तेही करता करता शेजारच्या जहाजांवरही हात चालवला. मग १९४२ मध्ये ते दक्षिण पॅसिफिकला गेलं. टोंगाटाबूला साठ दिवसांत ५८ जहाजांवरची ९६३ कामं. पुढे एस्पिरितू सांतो बेटावर वर्षभरात २७९ जहाजांवरची ५,६०३ कामं. या आकड्यांकडे नीट बघा. हाच त्या जहाजाचा सेवा-इतिहास. ती २७९ जहाजं परत गेली आणि लढली. त्यांच्या लढायांची वर्णनं वाचताना व्हेस्टलचं नाव क्वचितच दिसेल.

तुम्हाला शोधताना हीच अडचण आलीय. दुरुस्ती जहाजाचं बरंचसं काम दुसऱ्या जहाजांच्या कागदांत लिहिलेलं असतं, आणि तिथेही अर्ध्या ओळीत. माझाच एक अनुभव सांगतो. एक फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) आमच्या कडेला लागली. तिच्या बॉयलरच्या पाण्यात मीठ यायला लागलं होतं. वाफेच्या जहाजात टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा बॉयलरला जाते. कंडेन्सरच्या हजारो बारीक नळ्यांतून समुद्राचं पाणी फिरत असतं. एक नळी जरी भेगाळली तरी आतल्या निर्वातामुळे खारं पाणी ओढलं जातं आणि बॉयलरच्या नळ्या सडायला लागतात. त्या गर्दीतली गळकी नळी शोधायची कशी? पाण्याची बाजू रिकामी करून झाकणं काढली, आत निर्वात धरला आणि मी पेटती मेणबत्ती घेऊन नळ्यांच्या तोंडावरून ओळीने फिरवत बसलो. जिथे ज्योत आत झुकते ती गळकी. दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत दोन सापडल्या. दोन्ही टोकांना बुचं ठोकली, तपासणी केली, आणि तिसऱ्या दिवशी ती फ्रिगेट निघून गेली. आमच्या रजिस्टरात एक ओळ पडली. तिच्या लॉगमध्ये एवढंच असणार की अमुक तारखेला अंबाच्या कडेला, अमुक तारखेला रवाना. माझं नाव कुठेही नाही आणि असायचं कारणही नाही. पण पन्नास वर्षांनी माझ्या नातवाने शोधायचं ठरवलं तर त्याला माझ्या जहाजाचा नव्हे, त्या फ्रिगेटचा माग काढावा लागेल.

आता कागदांचं बघू. इथे बरंच काही तुमच्या घरात काय उरलंय यावर अवलंबून आहे.

पहिला कागद म्हणजे नौदल सोडताना मिळालेलं सेवा प्रमाणपत्र. त्यात जहाजांची नावं आणि कधीपासून कधीपर्यंत अशा तारखा असतात. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या तारखा धारिणीच्या नोंदीत बसतात का, एवढंच बघायचं. हीच ती जुळायला हवी असलेली तारीख. एक सावधगिरी: ‘आयएनएस’ लिहिलं म्हणजे तरंगणारं जहाज असतंच असं नाही. मुंबईचं आंग्रे, लोणावळ्याचं शिवाजी, कोचीचं वेंदुरुथी ही किनाऱ्यावरची ठाणी आहेत. डिसेंबरमध्ये आजोबा आंग्रेच्या हजेरीवर दिसले तर ते त्या काळात किनाऱ्यावर असण्याची शक्यता जास्त, आणि मग फलकावर गोवा लिहिण्याआधी आणखी पुरावा हवा.

दुसरं म्हणजे पदक. ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’ घरात असेल तर त्याच्या फितीवर ‘गोवा १९६१’ अशी धातूची पट्टी आहे का बघा, आणि पदकाच्या कडेवर कोरलेलं नाव आणि नंबर भिंगाने वाचा. पट्टी असेल तर बैठकीतला वाद तिथेच मिटतो. नसेल तर घाईने निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे पदकं ट्रंका बदलताना हरवतात, पोरं खेळायला नेतात.

हे दोन्ही नसेल तर आजोबांचा नौदल नंबर शोधा. आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर पेन्शनच्या आदेशावर तो सापडेल. तो घेऊन मुंबईत मानखुर्दला कमोडोर, ब्युरो ऑफ सेलर्स यांच्या कार्यालयात लेखी अर्ज करा, नातं सिद्ध करणारे कागद जोडा. बेळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज नीट करायला मदत मिळते. आधी तिकडे जाऊन या.

आमच्या सीमाभागातल्या माणसांना यात एक जास्तीची कटकट आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. आजोबा १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी भरती झाले असतील तर त्यांच्या कागदावर राज्य ‘मुंबई’ असेल. त्यानंतरच्या नोंदींत ‘म्हैसूर’. १९७३ च्या नोव्हेंबरनंतर ‘कर्नाटक’. गाव तेच, घर तेच. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती, म्हणून तालुका चिकोडी दिसेल. जवळचं रेल्वे स्टेशन म्हणून कोल्हापूर किंवा चिकोडी रोड लिहिलेलं असू शकतं. त्यात नौदलाचे कागद इंग्रजीत, जमिनीचे कन्नडमध्ये आणि शाळेचा दाखला मराठीत, तेव्हा आडनावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांचं असणारच. एका घराचं काम मी करून दिलं होतं. तिथे कार्यालयाने पहिला अर्ज ‘असा इसम नोंदीत नाही’ म्हणून परत पाठवला. दुसऱ्या अर्जात आम्ही नावाची सगळी रूपं आणि राज्याची तिन्ही नावं लिहिली, आणि महिन्याभरात नोंद सापडली. तुम्हीही तसंच करा.

सारांश सांगायचा तर तारीख जुळली की फलकावर मी असं लिहीन: ‘शिपराइट, भारतीय नौदल. आयएनएस धारिणी. गोवा मुक्ती मोहीम, डिसेंबर १९६१, सपोर्ट ग्रुप.’ ‘सपोर्ट ग्रुप’ हे शब्द गाळू नका. ते संकोचाने लिहायचे शब्द नाहीत, ती त्यांची नेमणूक होती. तारीख जुळली नाही तर गोव्याची ओळ काढा आणि धारिणीचं नाव आणि सेवेची वर्षं ठेवा. आपल्या गावांत मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेले घरटी सापडतील, नौदलातला शिपराइट सगळ्या पंचक्रोशीत एखादाच असेल.

आणि आता तो लाकडी भोवरा. खेळणं नाही ते, खुंटीही नाही. ते गळती बंद करायचं बूच आहे. शिपराइटचं जहाजावरचं एक मुख्य काम म्हणजे जहाजाच्या अंगाला भोक पडलं तर ते बुजवणं. पाण्याच्या रेषेखाली दोन मीटरवर दहा सेंटीमीटर व्यासाचं भोक पडलं, तर मिनिटाला साधारण पावणेदोन टन पाणी आत येतं. तासाभरात शंभर टन. तेवढ्यात आकडेमोड करायला वेळ नसतो. हाताला येईल तो लाकडी बूच कापडात गुंडाळून भोकात ठोकायचा, कडेच्या फटींत पाचरी मारायच्या, मोठं भगदाड असेल तर गादी आणि फळी लावून तिला बल्ल्यांचे धिरे द्यायचे. पाणी आटोक्यात आलं की त्यावर लाकडी चौकट उभी करून सिमेंट ओतायचं, लवकर धरावं म्हणून त्यात धुण्याचा सोडा घालायचा. तसं ठिगळ लावलेलं जहाज स्वतःच्या पायांनी गोदीपर्यंत जातं.

अशी बुचं मऊ लाकडाची करतात आणि मुद्दाम कोरी ठेवतात, रंग नाही, तेल नाही. पाणी लागलं की कोरं लाकूड फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. रंगवलेलं फुगत नाही. तुमच्या फोटोतलं बूच इतक्या वर्षांनीही कोरंच दिसतंय. ते फलकाशेजारी काचेत ठेवायचं म्हणताय, तर अवश्य ठेवा. फक्त चांगलं दिसावं म्हणून त्याला वॉर्निश मारू नका.